छोटं दुकान टाकताना कुठला कागद आधी, कुठला नंतर, आणि पैसे नक्की कशाचे

गेल्या महिन्याभरात तीन जणींनी मला हेच विचारलं, की ताई घरून फराळाचं करतोय, आता गाळा घ्यायचाय, तर लायसन कुठलं काढायचं. तिघींनाही एजंटांनी वेगवेगळा आकडा सांगितलेला, एकीला सहा हजार, एकीला साडेआठ, तिसरीला तर "सगळं पॅकेज" म्हणून पंधरा. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. मी आणि माझी मोठी जाऊ, आम्ही दोघींनी २०२२ च्या दिवाळीआधी पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला दीडशे फुटांचा गाळा घेऊन पोळीभाजी, फराळ आणि मसाल्यांचं दुकान टाकलं, त्यामुळे जे लिहितेय ते खाण्याच्या धंद्याचं आहे आणि महाराष्ट्रातलं आहे. दुसऱ्या राज्यात दुकानाचा कायदा आणि पीटी, म्हणजे व्यवसाय कर, वेगळी असते हे लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट, "धंद्याचं लायसन" असा एकच कागद नसतोच. मला पण आधी वाटायचं की एक काहीतरी मोठं सर्टिफिकेट मिळतं आणि मग सगळं मोकळं. तसं नाहीये. कामगार खात्याला कळायला हवं असतं की दुकान कुठे आहे आणि माणसं किती कामाला आहेत, अन्न व औषध प्रशासनाला बघायचं असतं की लोकांच्या पोटात काय जातंय, वैधमापनवाल्यांना तुमचा काटा आणि पाकीट, राज्याच्या जीएसटी विभागाला पीटी, आणि महापालिकेला जागा. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा म्हणून कागद वेगळा. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भीती जाते, कारण मग कुणी कुठलाही कागद मागितला तरी तो का मागतोय ते कळतं.

आता कागद काढायच्या आधीचं काम, जे कुणी सांगत नाही आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. नाव. आपल्या बायकांचं आधारवर लग्नानंतरचं नाव असतं, पॅनवर माहेरचं, बँकेत तिसरंच काहीतरी, कुठे मधलं नाव वडिलांचं तर कुठे नवऱ्याचं. एरवी चालून जातं. पण उद्यमचा, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सरकारी नोंदणीचा, फॉर्म आधार आणि पॅन दोन्ही तपासतो आणि नाव जुळलं नाही की पुढेच जात नाही. जाऊबाईंच्या पॅनवर माहेरचं नाव होतं, ते दुरुस्त करून यायला आम्हाला तीन आठवडे लागले आणि ते तीन आठवडे गाळ्याचं भाडं चालू होतं. तेव्हा गाळा बघायला सुरुवात कराल त्याच दिवशी आधार आणि पॅन शेजारी शेजारी ठेवून अक्षर न अक्षर जुळवून बघा, मोबाईल नंबर आधारला जोडलेला आहे ना तेही बघा कारण सगळे ओटीपी तिथेच येणार.

दुसरं म्हणजे जागेचा कागद. मालक म्हणतील स्टॅम्प पेपरवर नोटरी करू, तेवढं पुरतं. आमचेही म्हणाले होते. नाही पुरत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावाच लागतो आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, हे मालकांना नम्रपणे सांगा, बहुतेकांना माहितीच नसतं. ऑनलाईन घरबसल्या होतो. करारातला पत्ता जसा असेल तसाच, म्हणजे "गाळा नं. ३" असेल तर "गाळा नं. ३" च, पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये टाकायचा. आम्ही एका फॉर्ममध्ये "शॉप नं. ३" लिहिलं आणि तेवढ्यावरून प्रश्न निघाला. सोबत मालकाच्या नावाचं लाईट बिल आणि त्यांचं संमतीपत्र घेऊन ठेवा, डिपॉझिट द्यायच्या आधीच मागा, नंतर मालक गावाला जातात नाहीतर फोन उचलत नाहीत.

आणि हो, डिपॉझिटच्या आधीच विचारायचा आणखी एक प्रश्न, की या गाळ्यात स्वयंपाक करून चालणार आहे का. मंजूर नकाशात जागा दुकानाची आहे का, वरच्या मजल्यावरच्यांची हरकत आहे का, धुराडं कुठून काढणार. कपड्याच्या दुकानाला जो गाळा उत्तम तो पोळीभाजीला उत्तम असेलच असं नाही. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी रंगकाम, फर्निचर सगळं केलं आणि मग सोसायटीने एक्झॉस्ट लावू दिला नाही. लाखभर रुपये अडकले बिचारीचे.

शॉप ॲक्ट. मुंबईकडे गुमास्ता म्हणतात, तेच हे. आधी १९४८ चा कायदा होता, आता २०१७ चा आहे, आणि नव्या कायद्यात छोट्यांसाठी खूप सोपं झालंय. आमच्यासारखं दोन-चार माणसांचं दुकान असेल तर परवानगी मागायची नसते, फक्त सूचना द्यायची असते, की बाबा अमुक ठिकाणी अमुक दिवशी दुकान सुरू केलंय. फॉर्म एफ भरायचा आणि फॉर्म जी ची पावती घ्यायची, धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत. फी म्हणाल तर पोर्टलची किरकोळ, चहा-नाश्त्यापेक्षा कमी. जास्त माणसं असतील तर मात्र रीतसर नोंदणी लागते. मुंबईत हे महापालिका बघते, बाकी ठिकाणी कामगार आयुक्तांचं ऑफिस.

या फॉर्मला दुकानाचा फोटो लागतो आणि फोटोत पाटी दिसायला हवी, मराठीत. म्हणजे पाटी आधी, शॉप ॲक्ट नंतर. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून एक माणूस कामाला असो की शंभर, पाटी देवनागरी लिपीत मराठीत हवीच आणि दुसऱ्या भाषेतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत. पाटीवाल्याला हे आधीच बजावा कारण त्यांच्याकडे इंग्रजी नाव मोठं आणि खाली कोपऱ्यात बारीक मराठी अशी तयार डिझाईनं असतात. मला स्वतःला हा नियम फार आवडला, जाऊबाईंनी पाटीवर नाव लिहून घेताना रंगाऱ्याला तीनदा वेलांटी बदलायला लावली होती आणि आज ती पाटी बघितली की बरं वाटतं.

आता फूड लायसन, खरं तर इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. घरून चार डबे दिले तरी नोंदणी लागते, "घरगुती आहे, कशाला लागतंय" हे चुकीचं आहे. दोन प्रकार आहेत, एक रजिस्ट्रेशन, ते लहान धंद्याला, आणि दुसरं लायसन, ते मोठ्याला. आम्ही काढलं तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर रजिस्ट्रेशन, वर्षाला १०० रुपये फी, आणि एकदम पाच वर्षांचं भरता येत होतं, म्हणजे ५०० रुपये. फक्त ५०० रुपये! आणि याचेच एजंट लोक तीन-तीन हजार घेतात. तुम्ही भराल तेव्हा पोर्टलवर त्या दिवसाची मर्यादा आणि फी बघूनच भरा. पोर्टलचं नाव फॉसकॉस. तिथे फॉर्म ए रजिस्ट्रेशनचा आणि फॉर्म बी लायसनचा.

फॉर्ममध्ये धंद्याचा प्रकार विचारतात तिथे घाई करू नका. पोळीभाजी गरम करून देणं हा एक प्रकार, चकली-शंकरपाळे-मसाला बनवून पाकिटात भरून विकणं हा उत्पादनाचा प्रकार, आणि दुसऱ्याचे पापड आणून नुसते विकणं हा तिसरा. जे जे करताय ते सगळं टाका. आम्ही आधी फक्त पोळीभाजी टाकलं होतं, मग मसाल्याचं पाकीट एका मोठ्या किराणावाल्याने ठेवायला नकार दिला कारण नंबर होता पण त्यात उत्पादन नव्हतं, परत दुरुस्ती करावी लागली. आणि जागा दोन असतील, म्हणजे घरी फराळ बनतो आणि दुकानात विकता, तर दोन्ही जागांचं वेगवेगळं रजिस्ट्रेशन.

अर्ज केल्यावर नियम असा आहे की ७ दिवसांत एकतर रजिस्ट्रेशन द्यायचं, नाहीतर कारण लिहून नाकारायचं, नाहीतर तपासणीला येतो म्हणून कळवायचं. ७ दिवसांत यातलं काहीच झालं नाही, किंवा तपासणी लागूनही ३० दिवसांत काही निर्णय कळवला नाही, तर लहान व्यावसायिकाला धंदा सुरू करता येतो, हे नियमातच लिहिलेलं आहे. पण अर्जावर त्यांनी प्रश्न टाकला आणि तुम्ही उत्तरच दिलं नाही तर अर्ज बाद होतो आणि फी जाते, म्हणून रोज सकाळी एकदा लॉगिन करून बघायचं, एसएमएसवर विसंबायचं नाही.

नंबर १४ आकडी येतो. पहिला आकडा २ असेल तर रजिस्ट्रेशन, १ असेल तर लायसन. सर्टिफिकेट दुकानात दिसेल असं लावायचं, आणि १ जानेवारी २०२२ पासून बिलावर पण हा नंबर छापावा लागतो, साधं हाताने लिहायचं बिलबुक असलं तरी. छापखान्यात टाकायच्या आधी नंबर आलेला असू द्या, आमची पाचशे पानांची बिलबुकं नंबराशिवाय छापून झाली होती, मग प्रत्येक पानावर शिक्का मारत बसलो दोघी.

कामाला माणसं असतील तर त्यांची वर्षातून एकदा तपासणी करून डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट घ्यायचं. हे बऱ्याच जणी कागदासाठी करतात, पण मी कळकळीने सांगते, खरंच करा. आपल्याकडे म्हातारी माणसं, दवाखान्यातले पेशंट यांचे डबे जातात. पोळ्या लाटणाऱ्या मावशींना जुलाब होत असताना त्यांनी पगार कापला जाईल म्हणून कामावर येऊ नये, एवढी व्यवस्था आपण करायलाच पाहिजे.

उद्यम. हे केंद्राचं आहे, १ जुलै २०२० पासून, आणि पूर्ण फुकट आहे. परत लिहिते, पूर्ण फुकट. आधार, पॅन आणि बँकेचा तपशील घेऊन बसा, पंधरा मिनिटांचं काम. पण गुगलवर शोधलं की सरकारी वाटतील अशा हुबेहूब साईट वर येतात, तिरंगा, अशोकस्तंभासारखं चित्र, आणि शेवटी दोन-अडीच हजार भरायला सांगतात. माझ्या जावेने तशाच एका साईटवर २४९९ भरले होते, परत मिळाले नाहीत. खूण एकच, पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन नसेल तर बाहेर पडा, आणि पैसे मागितले तर नक्कीच बाहेर पडा.

उद्यमचा खरा उपयोग बहुतेकांना कळत नाही, लोक म्हणतात कर्जाला लागतं, लागतं हो, पण त्याहून मोठा उपयोग उधारीला आहे. तुम्ही बनवून देणारे असाल आणि एखाद्या कंपनीला डबे किंवा दिवाळीचे बॉक्स दिले तर २००६ च्या एमएसएमई (लहान-मध्यम उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. केंद्र सरकारच्या पोर्टलवर ऑनलाईन तक्रार करता येते. आम्ही बिलाच्या खाली उद्यम नंबर आणि ही एक ओळ छापतो, तेव्हापासून दिवाळीचे पैसे संक्रांतीपर्यंत लांबत नाहीत. मात्र नुसता घाऊक किंवा किरकोळ विकण्याचा धंदा असेल, काहीच बनवत नसाल, तर उद्यम मिळतं पण हा उधारीचा फायदा मिळत नाही, फक्त कर्जापुरता उपयोग.

शॉप ॲक्टची पावती आणि उद्यम हे दोन हातात आले की करंट अकाऊंट उघडा, बँक एकाच्या मालकीच्या धंद्याला दोन पुरावे मागते आणि हे दोन पुरतात. सेव्हिंगमध्येच क्यूआर कोडचे पैसे घेत राहू नका, वर्षाअखेरीला घरखर्च आणि धंदा वेगळा काढताना रडू येतं.

पीटी म्हणजे व्यवसाय कर, हा राज्याचा, १९७५ च्या कायद्याचा. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीटीईसी ही तुमची स्वतःची, वर्षाला २५०० रुपये, महाजीएसटीच्या साईटवरून नंबर काढायचा आणि दरवर्षी ३० जूनच्या आत भरायचे. ६५ वर्षांवरच्यांना माफ आहे. पीटीआरसी म्हणजे कामाला असलेल्यांच्या पगारातून कापून भरायची. पुरुषाचा पगार महिन्याला ७५०० च्या वर गेला की कापावी लागते, बायकांना १ एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंत पूर्ण माफी आहे, आमच्याकडे तिन्ही मावशीच, म्हणून कापायचा प्रश्नच आला नाही. पुढे माणसं वाढली तर १० माणसांना ईएसआय (कामगार विमा) आणि २० ला पीएफ येतो, तेव्हाचं तेव्हा.

जीएसटीला लोक उगाच घाबरतात, किंवा उगाच आधीच काढून बसतात आणि मग दर महिन्याला शून्याचं रिटर्न भरायला सीएला पैसे देत राहतात. महाराष्ट्रात नुसता माल विकत असाल तर वर्षाला ४० लाख, आणि पोळीभाजी, केटरिंग असं काही करत असाल, जी सेवा धरली जाते, तर २० लाख. ही विक्री आहे, नफा नाही, गल्ल्यात आलेला एकूण पैसा, हे नीट समजून घ्या. आणि एक गोष्ट अशी की दुसऱ्या राज्यात माल विकला की मर्यादा लागूच होत नाही, पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते. गोव्याच्या एका दुकानाने आमचा गोडा मसाला मागितला तेव्हा आम्हाला हे कळलं. मडगाव आपल्याला परकं वाटत नाही पण जीएसटीला ते दुसरं राज्यच. नोंदणीची सरकारी फी शून्य आहे.

आता काटा. हे विसरतातच सगळे. वजनकाटा कितीही नवाकोरा असला तरी वैधमापनचं पासिंग, म्हणजे तपासणी करून शिक्का, हवं, इलेक्ट्रॉनिक काट्याचं दर वर्षी करावं लागतं. घेतानाच दुकानदाराला सांगा पासिंग करूनच दे, आणि त्याचं सर्टिफिकेट मागून घ्या. ऑनलाईन हजार रुपयांत मिळणारे स्वयंपाकघरातले काटे विक्रीला चालत नाहीत. आणि मसाला, फराळ आधीच पाकिटात भरून ठेवत असाल तर पॅकर म्हणून नोंदणी लागते, सुरू केल्यापासून ९० दिवसांत, फी ५०० रुपये. पाकिटावर काय हवं ते सांगते, एका दमात वाचा: पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ती तारीख, बॅच नंबर, सर्व करांसह एमआरपी, एका ग्रॅमचा किंवा किलोचा दर, तुमचं नाव आणि पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, हिरवी खूण आणि १४ आकडी फूड नंबर. शेंगदाणा, गहू, दूध, तीळ असलं ॲलर्जी होऊ शकेल असं काही असेल तर ते ठळक लिहा. लेबलवर जागा पुरत नाही म्हणून लोक पत्ता गाळतात आणि नेमकी तिथेच नोटीस येते. पाकीट थोडं मोठं घ्या पण गाळू नका.

महापालिकेचं जागेनुसार बदलतं, मुंबईत खाण्याच्या दुकानाला हेल्थ लायसन वेगळं लागतं, दुसरीकडे वॉर्ड ऑफिसात आरोग्य विभागाला जाऊन विचारा. फायरचंही तिथेच विचारा, बसून खायची सोय असेल तर नक्की. गॅस मात्र १९ किलोचा कमर्शियल घ्या, घरगुती लाल टाकी दुकानात सापडली तर जप्त होते आणि दुर्घटना झाली तर इन्शुरन्सवाले हात वर करतात.

अर्ज अडकला तर काय. एका ऑफिसात आमचा अर्ज पंचवीस दिवस नुसता "प्रलंबित" दाखवत होता, तीनदा गेलो, तिन्हीदा साहेब नाहीत. मग एका भाऊंनी सांगितलं की २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात अधिसूचित सेवांना दिवस ठरवून दिलेत आणि ती यादी ऑफिसात लावलेली असते. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी आयोग, आणि कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० दंड होऊ शकतो. आम्ही साध्या कागदावर चार ओळी लिहिल्या, अर्ज क्रमांक, तारीख, मुदत कधी संपली, आणि आवक शिक्का मारून पोच घेतली. चौथ्या दिवशी काम झालं. भांडायला लागलं नाही, आवाज चढवायला लागला नाही. पोच मात्र घ्यायचीच, पोच नसेल तर तुम्ही गेलाच नव्हता असं समजतात.

एजंट वाईटच असतात असं मी म्हणत नाही, ज्यांना कॉम्प्युटर जमत नाही, लहान मूल आहे, वेळ नाही, त्यांनी जरूर मदत घ्या, पण लॉगिन आणि पासवर्ड स्वतःच्या मोबाईल-ईमेलवर ठेवा. एजंटच्या ईमेलवर काढलेलं रजिस्ट्रेशन पुढे काही करायची वेळ आली की त्याच्याच हातात राहतं. आणि पावत्या मागा, सरकारी फी किती आणि तुमची किती हे वेगळं लिहून मागा.

राहिलं एकच, धंदा बंद करताना. हे कुणी सांगत नाही. शेजारच्या एका काकांनी चहाची टपरी बंद केली, शटर ओढलं, संपलं असं समजले, आणि चार वर्षांनी व्यवसाय कराची नोटीस आली, वर्षाला २५०० प्रमाणे दहा हजार आणि वर व्याज. पीटीईसी आपोआप बंद होत नाही, रद्द करायचा अर्ज करावा लागतो. शॉप ॲक्टला बंद केल्याची सूचना द्यायची, फूड नंबर परत करायचा, जीएसटी असेल तर रद्द करून शेवटचं रिटर्न भरायचं. जागा बदलली तरी आधी हे सगळे पत्ते बदला, आम्ही येत्या मार्चमध्ये समोरच्या मोठ्या गाळ्यात जातोय आणि त्याचे फॉर्म जाऊबाईंनी आत्तापासूनच भरायला घेतलेत, यावेळी प्रत्येक ठिकाणी "गाळा नं. ७".